सहा कुंड्यांतला रविवार

१२ सप्टेंबर
गार्बरव्हिल

रो,

पत्ता आईला आलेल्या नाताळच्या कार्डावरून घेतला. कार्ड तिला होतं, मला नव्हतं, ठाऊक आहे. फोन का केला नाही असं विचारशील, तर फोनवर गांजाच्या झाडांचं बोलायचं नाही हे आपलं बाळकडू. आता कायदा बदलला, डोक्यावर हेलिकॉप्टरं घिरट्या घालत नाहीत, तरी माझी जीभ अडते. शिवाय फोन तू आपटशील. पत्र आपटता येत नाही.

डोंगरावरचं घर गेलं. आगीची बातमी तुमच्या सॅक्रमेंटोपर्यंत आली असेलच, फक्त तिच्यात आपल्या घराचं नाव नव्हतं. घर गेलं, वाळवणाची खोली गेली, बाबांचं वर्कशॉप गेलं. आई आणि मी इथे गावात भाड्याच्या घरात आहोत. मी बरी आहे. आई बरी आहे म्हणजे चालते आहे. दिवसभर चालते. स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारातून खिडकीपर्यंत, मग परत. विचारलं कुठे निघालीस, तर म्हणते, "घरी." बसवलं की उठते. घास हातात घेऊन उठते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्यांनी ती चालता चालता पेंगते, आणि ते चालण्याहून वाईट.

मुद्द्यावर येते. आईचं झाड, 'रविवार', आगीतून वाचलंय.

पूर्ण ऐक, मग नाचायचं तर नाच. आग कड्यावरून खाली आली तेव्हा बर्ल त्याचा ट्रक घेऊन आला. म्हातारा सत्तरी ओलांडून गेलाय, बाबांच्या बरोबरीनं लाकूडतोडीला जायचा तेव्हाच्या गुडघ्यांवर चालतो, पण आला. मी आईला गाडीत घातलं आणि त्याला ओरडून सांगितलं, बाकी काही नको, दिव्याखालच्या सहा कुंड्या घे. त्यानं सहाही घेतल्या. आपली ती सहा मूळ रोपं, ज्यांच्या फांद्या काढून आपण दरवर्षी शेत लावायचो. एक फांदी मोडली नाही.

पण वारा केवढा होता! पानं फाटतील म्हणून त्यानं कुंड्यांवर चादर घातली, आणि चादर उडू नये म्हणून तिला चिमटे लावले. कोणते चिमटे, सांग बघू. बाबांनी कुंड्यांच्या काठांना लावलेले, नावं लिहिलेले, लाकडी. एकूण एक काढून चादरीला! गावात पोचल्यावर ट्रकमध्ये सहा निनावी झाडं आणि चादरीभोवती सहा नावांची माळ. मी चिमटे त्याच्यापुढे धरले. तो म्हणाला, "पोरी, हाताशी तेच होते ना गं!"

सहाही एकाच बियाण्यातली भावंडं, पानावरून कोण ओळखणार? आता रोपं बर्लच्या काचघरात आहेत, पण तिथे ना दिवा ना शेगडी. थंडी पडली की संपलं. आणि आमची घरमालकीण मिसेस पकेट कमरेवर हात ठेवून सांगून गेली, "एक झाड. कपडे धुण्याच्या खोलीत. आणि वास आला, तर तेही बाहेर आणि तुम्हीही." एकच ठेवायचंय, तर ते आईचं 'रविवार' असायला हवं. त्याच्या वासावरच ती चालायची थांबून बसते, रो. दुसऱ्या कशावर नाही.

तुला फक्त यायचंय, सहा खोडं चोळायची, बोटं हुंगायची, आणि 'हे ते' असं म्हणायचं. तसं मलाही कळतंय. पण धुरानं सर्दी धरलीय, म्हणून दुसरं नाक हवं.

तू झाडाशिवाय झाडाचा वास विकणाऱ्यांकडे नोकरीला गेलास तेव्हा मी बोलले ते बोलले. या रस्त्यावर पाय ठेवू नकोस म्हणाले होते. तो रस्ता जळाला. हा दुसरा आहे.

टॅन्सी


२४ सप्टेंबर

रो,

उत्तर नाही. ठीक आहे. वाट बघत बसणं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

तुला वाटत असेल टॅन्सी भावनेच्या भरात लिहितेय, आईला कुठलाही गांजा चालेल. मलाही वाटलं होतं. 'रविवार'ची शेवटची बरणी माझ्या पर्समध्ये होती म्हणून वाचली. संध्याकाळी तिच्या नाकाखाली उघडायची. ती थांबायची, डोळे मिटायची, खुर्चीत बसायची. टोस्टवर त्याच फुलांचं थोडं लोणी, आणि बाई शांतपणे जेवायची, हसायचीसुद्धा. मी रोज उघडत गेले. सकाळी तिनं त्रास दिला की सकाळीही. तूच लहानपणी शिकवायचास ना, मला मोठीला: फुलं बरणीत मुरेपर्यंत झाकण क्षणभर उघडून बरणीला रोज ढेकर काढू द्यायची, मुरली की हात लावायचा नाही, कारण दर वेळी झाकणातून वास उठून जातो आणि जो पहिला जातो तो परत येत नाही. आता बरणीत फुलं आहेत, वास नाही. आई हुंगते आणि बरणी मला परत देते. चहाचा रिकामा कप द्यावा तशी.

मग मी गांजाच्या दुकानात गेले. चकचकीत दुकान, काउंटरवर एक दाढीवाला पोरगा, माझ्या निम्म्या वयाचा. मी म्हटलं, वास हवा लिंबाच्या सालीसारखा, खाली ओल्या लाकडाचा, शेवटी मिरीचा. तो म्हणाला, "काकू, मग हे घ्या, लिमोनीन, म्हणजे लिंबाचा वास, भरपूर आहे." पाकिटावर छापलेलंच होतं: उत्साह, प्रसन्नता, नवनिर्मिती. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, वास कुणी मिसळला त्या कंपनीचं नाव. तुझ्या.

टोस्टवर घालून दिलं आणि आई प्रसन्न झाली, तुमचं अभिनंदन. इतकी की मी भांडी घासत होते तेवढ्यात सपाता घालून हायवेच्या दिशेनं डोंगराकडे निघाली, वाटेत भेटेल त्याला स्वयंपाकघर पिवळं रंगवायचंय म्हणून सांगत. पेट्रोल पंपावरच्या बाईनं थांबवलं म्हणून बरं. घरी आणली तर छाती धडधडतेय, "कुणीतरी येतंय, कुणीतरी येतंय." मी बाबांचा उपाय केला, कुणाला जास्त चढलं की ते करायचे तो. दोन-चार काळे मिरे चघळायला दिले. तिनं ते माझ्यावर थुंकले. म्हणजे अगदीच विसरली नाहीय, नेम अजून चांगला आहे.

तुझंच वाक्य आहे, नशा म्हणजे नुसती गाडी, वास म्हणजे ड्रायव्हर. मी हसायचे. पण फुलांच्या कातरणीच्या दिवसांत आपण दोघांनीही बघितलंय. पाइनच्या झाडासारख्या वासाचं फूल टेबलावर आलं की सगळे कात्रीवाले चुरूचुरू बोलायचे, कुणाची बायको पळाली, कुणाचा ट्रक अडकला. आणि ते जड, पिकल्या आंब्याच्या वासाचं आलं, की अर्ध्या तासात टेबलभर जांभया, कुणी ओढलेलं नसतानाही. तू म्हणायचास, हे मायरसीन, वासातलं झोपेचं द्रव्य. बाबा म्हणायचे, हे जेवण. 'रविवार'मध्ये लिंबू होतं, पण लिंबाला धरून ठेवणारं दुसरं काहीतरी होतं. तुम्ही त्या पाकिटात ड्रायव्हर बसवलात आणि ब्रेक विसरलात.

बघ, भांडायचं नव्हतं. ये ना.

टॅ.


५ ऑक्टोबर

रो,

तुझी बाटली पोचली. चिठ्ठी नाही, नाव नाही, नुसती कापसात गुंडाळलेली बोटभर बाटली. मला वाटलं नमुना आहे की टोमणा? मग झाकणावर तुझ्या अक्षरात 'र' दिसला.

'रविवार'चा वास आठवणीतून केलास? एवढं सगळं तुझ्या डोक्यात अजून जसंच्या तसं आहे?

कसा आहे ते सांगते. बर्लला हुंगवला. त्यानं बाटली नाकाशी धरली, काढली, पुन्हा धरली. मग म्हणाला, "हाच गं हाच. डेलच्या जॅकेटला यायचा तो. पोरानं बापाचं जॅकेट बाटलीत भरलंय." आणि नाक शिंकरत काचघराकडे गेला.

मी रुमालावर दोन थेंब घातले आणि तो आईला दिला. ती थांबली. खरंच थांबली, रो, खोलीच्या मधोमध. रुमाल उलटा केला, सुलटा केला. मला म्हणाली, "छान आहे. कुणाचं घर आहे हे?"

मी म्हटलं, "आपलं, आई."

"नाही गं," ती म्हणाली, पाहुण्यांशी बोलतात तशा गोड आवाजात. "छान आहे पण." आणि चालू पडली.

तुला दुखवायला सांगत नाहीय. तुझ्या बाटलीत काय कमी आहे ते मला सांगता येत नाही. तू विचारशील की टॅन्सी, तुला स्वतःला कसा वाटला? बर्ल म्हणतो तोच असणार. मला काय, सर्दी.

रात्रींना गारवा आलाय. काचघरातली पानं कडेनं जांभळी पडायला लागलीयत. मिसेस पकेट विचारून गेली, झाड कधी आणणार, की नाहीच आणणार? नाहीच आणलं तर तिला फार आनंद होईल असं दिसलं. मी तिच्या मागे दार जरा जोरात लावलं.

बाटली नको, रो. तू हवास.

टॅन्सी


९ ऑक्टोबर

रो,

आता खरं सांगते, कारण बर्ल मला म्हणाला, "तू नाही लिहिलंस तर मी लिहीन," आणि त्याचं स्पेलिंग तुला माहीत आहे.

सर्दी नाही. मला वास येत नाही. काहीच नाही. आगीत, बर्ल यायच्या आधी, मी घराच्या छतावर पाणी मारत थांबले होते. धूर इतका होता की हातातली नळी दिसत नव्हती. तेव्हापासून नाकाच्या आत नुसती भिंत. पहिल्यांदा वाटलं, जाईल. कॉफी करायचे, गरम पाणी लागायचं. साबण, कांदा, शेळ्यांचा गोठा, सगळं सारखं, सगळं काहीच नाही. तुझ्या बाटलीचा थेंब मी मनगटावर लावला, जिभेवर लावला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत श्वास ओढला. काही नाही. ज्या बाईनं तुला सगळ्यांसमोर सुनावलं होतं की खरा वास कळायला खरं झाड लागतं, तिला आता गॅस कळत नाही.

गॅस शब्दशः. काल दुपारी आई शेगडीच्या कडेनं जाताना बटणाला हात लागला असणार. ज्योत पेटली नव्हती. मी शेजारी टेबलाशी बसून तुला पत्र लिहीत होते, पानभर शिव्या होत्या त्यात. आई चालत होती. बर्ल अंडी द्यायला आला आणि दारातूनच किंचाळला. त्यानं खिडक्या उघडल्या, आईला उचलून अंगणात नेलं, माझा हात धरून मला खेचलं आणि अंगणात माझ्यावर ओरडला, "तुला कळत नाही का गं? कळत नाही का तुला?" आणि मग त्यालाच कळलं.

मी त्या कुंड्यांपाशी रोज जाते. सहाही खोडं चोळते, बोटं हुंगते, आणि माणसं ओळखीच्या खोलीत अंधारात उभी राहतात तशी उभी राहते. ते झाड त्यातलं एक आहे. माझ्या बोटांवर आहे. मला सांगता येत नाही.

भीती वाटते, रो. आईची वाटते आणि माझीही वाटते. तुला आधी का नाही सांगितलं? कारण तू हसला असतास. नाही, हसला नसतास. हसला नसतास म्हणूनच.

तुझी बहीण


१६ ऑक्टोबर

रो,

पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर, आणि पहिली तिन्ही वाक्यं प्रश्नचिन्हं. कधीपासून? चव येते का? गॅसचा अलार्म लावलास का? इतकी वर्षं तुझ्यावर राग धरायचा प्रयत्न करतेय, आणि तू अलार्म विचारतोस.

अलार्म लावला. खारट-गोड कळतं. आणि तुझ्या चारही बाटल्या मिळाल्या: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सांगितलंयस तसं सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगते आणि तो वास कसा होता ते आठवायचा प्रयत्न करते. नाकाला शाळेत घातलंय. आई बाजूला उभी राहून बघते. काल तिनं लवंगेची बाटली माझ्या हातातून घेतली, हुंगली आणि म्हणाली, "हॅम!" मला तिच्यासाठी हॅम आणावा लागला. उभ्या उभ्या दोन तुकडे खाल्ले. तेवढंच.

अजून काही येत नाही मला. एकदा लिंबाच्या बाटलीशी वाटलं, पण ती मनाची खोडी असावी.

तुला या महिन्यात सुट्टी मिळत नाही असं शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस. पाकिटावरच्यासारखं. वाचलं मी ते.

रेडिओवर म्हणाले, शनिवारी दंव गोठणार. म्हणजे शनिवारच्या आत एक झाड निवडायचं. डोळे मिटून निवडेन. सहातलं एक तर असेलच.

टॅ.


२१ ऑक्टोबर

रो,

झालं. झाड ठरलं. तुझ्या नाकाची गरज उरली नाही, ते आधी सांगते म्हणजे तू मोकळा.

काल दुपारी मी एक कुंडी उचलायला बर्लकडे गेले. आईला कुणाकडे ठेवणार, म्हणून बरोबर नेलं. आजवर तिला काचघरात आणलं नव्हतं, जळलेलं काही आठवेल म्हणून. ती आत आली आणि नेहमीसारखी चालायला लागली, बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत. मी डोळे मिटून कुंडीवर हात ठेवायचा धीर गोळा करत होते. बर्ल म्हणाला, "पोरी, नाणं उडवूया का?" मी म्हटलं, सहा बाजूंचं नाणं आण, उडवते.

तेवढ्यात पावलांचा आवाज थांबला.

वळून बघते तर आई एका कुंडीपाशी उभी. डावीकडून चौथी. अंगठा आणि बोट खोडाला लावलेलं, आणि हळूहळू वर, हळूहळू खाली, कधी विसरलीच नव्हती अशा सवयीनं चोळतेय. मग बोट स्वतःच्या नाकाशी नेलंच नाही तिनं. वळली आणि सरळ माझ्या नाकाखाली धरलं.

"सांग बघू, कोण?"

आठवतं? आपण दोघं तिच्या गुडघ्यांएवढे असताना ती हेच करायची. चोळायची, बोट पुढे धरायची, आधी मी, मग तू. मी नेहमी चुकायचे. तू कधीच नाही. तू चुकला नाहीस की मी तुला चिमटा काढायचे.

मी श्वास घेतला. तिचं बोट हिरवं झालं होतं, चिकट, नखात माती. मला काही आलं नाही, रो. थंड हवा आली. ती माझ्याकडे बघत होती, खरंच माझ्याकडे, कितीतरी महिन्यांनी.

मी म्हटलं, "रविवार."

"शाबास!" ती म्हणाली. "टॅन्सीला आलं!" आणि बर्लच्या बादलीवर बसली. बसली, रो. गुडघ्यांवर हात टाकून, काम संपलेल्या बाईसारखी. बर्ल टोपी काढून उभा राहिला, चर्चमध्ये राहतो तसा. मग त्यानं वाकून हळूच त्या कुंडीला 'रविवार' लिहिलेला चिमटा लावला. बाकीच्या पाच कुंड्या शनिवारी तिथेच थंडीत राहतील.

तेच झाड आहे का? मला माहीत नाही. बर्लनं हुंगलं, तो म्हणतो, असेल, आता त्याला सगळीकडे डेलच दिसतो. ती कदाचित पायांनी दमून तिथे थांबली असेल. कदाचित कुठल्याही कुंडीशी हेच विचारलं असतं. तुझ्या बाटलीत काय कमी होतं ते मात्र मला कळलं. त्यात विचारणारं कुणी नव्हतं.

झाड कपडे धुण्याच्या खोलीत दिव्याखाली आहे. मिसेस पकेट नाक वर करून हुंगून गेली, तक्रार नाही. पण मी हे त्यासाठी लिहीत नाहीय.

घरी आल्यावर मी आईला हात धुवायला बेसिनपाशी नेलं. तिनं हात मागे ओढला. म्हटलं, आई, चिकट झालंय बोट, जेवायचंय. ती माझ्यावर चिडली, लहानपणी चिडायची तशी, भुवया चढवून.

"थांब ना. रोची पाळी राहिलीय."

आता खिडकीपाशी खुर्चीत बसलीय. चालत नाही. ते बोट बाकीच्या बोटांपासून वेगळं, उभं धरून बसलीय आणि रस्त्याकडे बघतेय. जेवण डाव्या हातानं केलं. झोपेपर्यंत त्या बोटाला काही लागू दिलं नाही, आणि सकाळी उठल्या उठल्या ती धुण्याच्या खोलीत जाऊन पुन्हा चोळून आली.

सुट्टी नसेल तर आजारी आहे म्हणून सांग त्यांना. मी नोकरीला नावं ठेवणार नाही, रस्त्याचं बोलणार नाही, चिमटा काढणार नाही. पण तुझं नाक फार खरं आहे आणि मला तुझी भीती वाटते, म्हणून एकच विनवणी. ती बोट पुढे धरेल. तुला पहिल्या श्वासात कळेल ते कुठलं झाड आहे. काहीही कळलं तरी, रो, म्हण: रविवार.

टॅन्सी